न्यू जर्सीत बायकांना 1776 ला मत होतं, 1807 ला काढून घेतलं

कोरांटी

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं कधीपासून डोक्यात होतं, आज मुलं लवकर झोपलीत तर लिहूनच टाकते. मी सेंट्रल जर्सीत 19 वर्षं राहतेय, सिटिझन होऊन सहा वर्षं झाली, आणि नोव्हेंबर 2025 च्या गव्हर्नर इलेक्शनला आयुष्यात पहिल्यांदा प्रचाराला दारोदार फिरले. एका घरी एक आजी भेटल्या, ऐंशीच्या पुढच्या असतील, बोलता बोलता म्हणाल्या की आमच्या स्टेटमध्ये बायका देश जन्मला तेव्हापासून मत देत होत्या, मग ते त्यांच्याकडून काढून घेतलं. मला वाटलं आजींची काहीतरी गल्लत होतेय. घरी येऊन वाचलं तर आजींचं शंभर टक्के खरं!

न्यू जर्सीच्या 1776 च्या घटनेत मतदार म्हणजे 'सर्व रहिवासी' असं होतं, अट एवढीच की 50 पौंडांची मालमत्ता हवी आणि वर्षभर राहिलेलं हवं. पुढे 1790 च्या कायद्यात तर मतदारासाठी चक्क 'तो किंवा ती' असं छापलंय. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता राहायचीच नाही, सगळं नवऱ्याचं, त्यामुळे मत द्यायच्या त्या विधवा आणि बिनलग्नाच्या. काळे लोकही देत होते, मालमत्ता असली तर. मग दोन पक्षांची मारामारी सुरू झाली, एसेक्स काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) कोर्ट कुठे बांधायचं यावरून 1807 ला मतदान झालं त्यात इतकं बोगस मतदान झालं की पुरुषांनी बायकांचे कपडे घालून परत परत मतं टाकली म्हणे, आणि शिक्षा कोणाला झाली? बायकांना आणि काळ्यांना. त्याच वर्षी कायदा करून मत फक्त टॅक्स भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं. बायकांना ते परत मिळायला 1920 उजाडलं. 113 वर्षं!! मधल्या काळात 1868 ला व्हाइनलंड गावात 172 बायकांनी स्वतःची वेगळी मतपेटी मांडून मतं टाकली, मोजणार कोणी नव्हतं तरी टाकली. हे वाचून मला खरंच भरून आलं.

आता माझा प्रश्न. मत मिळून शंभरावर वर्षं झाली, मग खुर्च्यांवर बायका एवढ्या कमी का? 2025 च्या सुरुवातीला काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, 535 जागांत बायका दीडशेच्या आसपास, म्हणजे 28 टक्के. आमच्या न्यू जर्सीने आजपर्यंत एकही बाई सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, पाठवलेली नाहीये. आणि 2003 ते 2015, बारा वर्षं, वॉशिंग्टनला आमच्या स्टेटची एकही बाई नव्हती, खालच्या सभागृहात सुद्धा. त्यातली बरीच वर्षं मी इथेच राहत होते आणि मला कळलं पण नाही, याची मला आज जास्त खंत वाटते. तुम्हाला काय वाटतं लिहा.

घाटावरचा

चांगला धागा. मी साताऱ्याहून लिहितोय, अमेरिका फक्त बातम्यांत बघितलीय त्यामुळे चुकलं तर सांगा. आमच्याकडे झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका सगळीकडे 50 टक्के महिला आरक्षण आहे 2011 पासून. सुरुवातीला सरपंचबाईंच्या खुर्चीवर नवराच बसायचा हे मी स्वतः बघितलंय, पण आमच्याच गावात दुसऱ्या टर्मच्या बाई आता ग्रामसेवकाला समोर बसवून हिशोब विचारतात. लोकसभेत मात्र 2024 ला 543 पैकी 74 म्हणजे 14 टक्के पण नाहीत, 2023 चा कायदा झाला पण लागू व्हायचाय अजून. तर मला विचारायचंय की तिकडे एवढे दोनच मोठे पक्ष आहेत, त्यांनी ठरवलं की निम्मी तिकिटं बायकांना द्यायची तर एका निवडणुकीत प्रश्न सुटेल की. मग देत का नाहीत?

कोरांटी

घाटावरचा, हाच तर मुद्दा आहे, इथे तिकीट देणारं कोणी नाहीये. पक्षाकडे तिकीट नसतंच. प्रायमरी असते, म्हणजे पक्षाच्या मतदारांतच आधी एक निवडणूक, त्यात कोणीही उभं राहू शकतं, आणि जो जिंकेल तो पक्षाचा उमेदवार. ऐकायला छान वाटतं पण त्या प्रायमरीसाठी पैसे स्वतः उभे करायचे, माणसं स्वतः जमवायची, आणि समोर आधीपासून बसलेला मेंबर असेल तर विसराच. काँग्रेसचे बसलेले मेंबर परत उभे राहिले की दहातले नऊ तरी परत निवडून येतात. आणि बसलेले कोण, तर बहुतेक पुरुष. म्हणजे बाईला आत शिरायची फट मिळते कधी, तर कोणी रिटायर झालं, मेलं किंवा मतदारसंघ नव्याने आखले की. जुन्या काळी तर किती जणी नवरा वारला म्हणून त्याच्या जागेवर गेल्या, तो एकच दरवाजा उघडा होता.

आमचंच बघा. बॉनी वॉटसन कोलमन 2014 ला निवडून आल्या, न्यू जर्सीतून काँग्रेसमध्ये गेलेल्या पहिल्या काळ्या बाई, त्या जागेवरचे रश होल्ट रिटायर होत होते. मिकी शेरिल नेव्हीत हेलिकॉप्टर चालवायच्या, 2018 ला उभ्या राहिल्या, त्या जागेवरचे फ्रीलिंगहायसन पुन्हा उभे राहणार नाही म्हणाले आणि जागा रिकामी झाली. तिथून 2025 ला त्या गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, क्रिस्टीन टॉड व्हिटमननंतर न्यू जर्सीच्या दुसऱ्या बाई गव्हर्नर.

आणि जर्सीची खास भानगड म्हणजे 'लाइन'. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर काउंटीच्या पक्षाने पसंत केलेले सगळे उमेदवार एका सरळ कॉलममध्ये, वर प्रेसिडेंटपासून खाली टाउनशिपपर्यंत, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. 21 पैकी 19 काउंटींत असं होतं. मी स्वतः पहिल्या प्रायमरीला सरळ त्या कॉलमवर खुणा करत गेले, मला वाटलं हेच खरे उमेदवार!! ती लाइन कोणाला द्यायची हे काउंटीचे पुढारी ठरवणार, आणि ते बहुतेक पुरुषच, वर्षानुवर्षं तेच. 2024 ला सिनेटच्या जागेसाठी उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले आणि फेडरल जज्जनी डेमोक्रॅट प्रायमरीसाठी ती लाइन थांबवली. आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, त्यावेळी बऱ्याच काउंटींची लाइन मिळाली होती ती एका बाईलाच, तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फींना, आणि लोकांना तेच आवडलं नाही, त्यांनी निकालाच्या आधीच माघार घेतली. म्हणजे बाई पुढे आणली की झालं असं नाही, ती कुठल्या दारातून आली हेही लोक बघतात. 2025 च्या प्रायमरीला लाइन नव्हती आणि शेरिल तरी जिंकल्या, मला त्याचं जास्त मोल वाटतं.

सिअॅटलकर

कोरांटी ताई, रिकाम्या जागेचा मुद्दा एकदम पटला, आमच्याकडे पण तेच. प्रमिला जयपाल 2016 ला निवडून आल्या, चेन्नईत जन्मलेल्या, तेव्हा जिम मॅकडरमॉट रिटायर झाले होते म्हणून जागा मोकळी होती. पण नुसती जागा मोकळी असून पण भागत नाही, बायकांना चीड यावी लागते, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1992.

1991 ला क्लॅरेन्स थॉमस यांना सुप्रीम कोर्टावर घ्यायचं होतं आणि अनिता हिल या प्रोफेसर बाईंनी त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीपुढे साक्ष झाली, कमिटीत 14 मेंबर, चौदाच्या चौदा पुरुष, सगळे गोरे. सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं की एक बाई एकटी टेबलाशी बसलीय आणि समोर ही रांग. त्याच्या आधी खालच्या सभागृहातल्या सात बायका पायऱ्या चढून सिनेटच्या बाजूला गेल्या होत्या की हिचं नीट ऐकून घ्या म्हणून सांगायला, त्यांत हवाईच्या पॅट्सी मिंक होत्या, ज्यांच्यामुळे 1972 चा टायटल नाइन कायदा झाला, शाळा-कॉलेजात मुलींशी भेदभाव करायचा नाही असा. माझी मुलगी आज शाळेत सॉकर खेळते ती त्या कायद्यामुळे.

पुढच्या वर्षी चार नव्या बायका सिनेटवर निवडून आल्या, फाइनस्टाइन, बॉक्सर, कॅरल मोझली ब्राउन आणि आमच्या पॅटी मरी. खालच्या सभागृहात 28 च्या 47 झाल्या. मतदारसंघ नव्याने आखलेले होते, खालच्या सभागृहाच्या बँकेत मेंबरांनी शिल्लक नसताना चेक काढल्याच्या प्रकरणामुळे खूप जण रिटायर झाले होते, जागा रिकाम्या होत्या, आणि त्यात ही चीड. दोन्ही एकदम आलं म्हणून झालं. पॅटी मरी तर मुलांची बालवाडी बंद होऊ नये म्हणून विनंती करायला गेल्या होत्या तेव्हा स्टेटचा एक पुढारी त्यांना म्हणाला होता की तू काय, टेनिस शूज घातलेली आई. त्यांनी तेच वाक्य प्रचाराला वापरलं. आणि सिनेटच्या हॉलशेजारी बायकांसाठी बाथरूम बांधलं ते 1993 ला!! खालच्या सभागृहाच्या हॉलजवळ तर 2011 ला. त्या इमारतीत बाई येईल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

मोहनकाका

वाचतोय सगळं. टेक्सासमध्ये 41 वर्षं झाली मला, मी रिपब्लिकनांना मत देतो हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी रागवायला नको. धागा चांगला चाललाय पण तुम्हा सगळ्यांच्या यादीत जवळपास सगळ्या डेमोक्रॅट बायका. हे मान्य की आज काँग्रेसमधल्या चार बायकांत साधारण तीन डेमोक्रॅट असतात, आणि ते आमच्या पक्षाचं अपयश आहे, मी आमच्या काउंटी मीटिंगला हे उभं राहून बोललोय. पण पहिली बाई काँग्रेसमध्ये गेली ती रिपब्लिकन, मोंटानाच्या जॅनेट रँकिन, 1916 ला, देशभर बायकांना मत मिळायच्या चार वर्षं आधी! दोन्ही महायुद्धांच्या विरोधात मत दिलं त्यांनी, 1941 ला तर 388 विरुद्ध एक, तो एक म्हणजे त्या. मला ते मत पटत नाही पण अख्ख्या सभागृहापुढे एकटं उभं राहायला काय लागतं ते कळतं. गांधीजींना मानायच्या, हिंदुस्थानात कितीदा जाऊन आल्या. मार्गारेट चेस स्मिथ, मेनच्या, 1950 ला, लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेल्या मॅकार्थीविरुद्ध, सिनेटमध्ये स्वतःच्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध बोलल्या, तेव्हा मोठे मोठे पुरुष गप्प होते.

आणि आपल्या लोकांनी एक नाव तर विसरूच नये, क्लेअर बूथ लूस, कनेटिकटच्या रिपब्लिकन. 1923 ला सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सांगितलं होतं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही म्हणून सिटिझन होऊ शकत नाही. ज्यांना मिळालं होतं त्यांतल्या कित्येकांचं परत काढून घेतलं. ते 1946 च्या लूस–सेलर कायद्याने बदललं, लूसबाई आणि ब्रुकलिनचे डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर यांचा कायदा. वर्षाला फक्त 100 जणांचा कोटा, पण सिटिझन होण्याचा रस्ता तिथे उघडला. तुम्ही आम्ही आज मत देतो त्यात त्या बाईचा हात आहे.

पिंपळपान

काका, फार चांगलं लिहिलंत, आणि सेलरचं नाव काढलंत तर पुढची गोष्ट पण ऐका. हेच सेलर ज्युडिशियरी कमिटीचे चेअरमन म्हणून समान हक्कांची घटनादुरुस्ती, ईआरए, वर्षानुवर्षं अडवून बसले होते. न्यू जर्सीच्याच माउंट लॉरेलच्या अॅलिस पॉल यांनी ती 1923 ला मांडली होती. तर 1972 ला एलिझाबेथ होल्ट्झमन नावाची 30 वर्षांची वकील बाई ब्रुकलिनच्या प्रायमरीत या सेलरसाहेबांविरुद्ध उभी राहिली, ते 1923 पासून त्या जागेवर, जवळपास पन्नास वर्षं, कोणी तिला विचारलं पण नाही, पैसे नाहीत, सिनेमा थिएटरबाहेर, सबवेच्या दारात उभी राहून लोकांशी बोलायची, आणि हजाराहून कमी मतांनी जिंकली. म्हणजे कोरांटीताई, बसलेल्या माणसाला हलवता येत नाही असं नाही. 2018 ला न्यू यॉर्कमध्ये ओकासिओ कॉर्टेझ यांनी पण तेच केलं.

दुसरं, थोडं कडू आहे. '1920 ला बायकांना मत मिळालं' हे वाक्य पूर्ण खरं नाहीये. दक्षिणेतल्या काळ्या बायकांना खऱ्या अर्थाने मत 1965 च्या मतदान हक्क कायद्यानंतर मिळालं. फॅनी लू हेमर मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर राबायच्या, 1962 ला मतदार नोंदणीला गेल्या म्हणून मळ्यावरून हाकलल्या गेल्या, 1963 ला जेलमध्ये मारलं त्यांना, शरीर आयुष्यभर पूर्ण बरं झालं नाही. आणि सिनेटमध्ये बसलेली पहिली बाई रिबेका फेल्टन, 1922, एक दिवस सिनेटर, त्या गुलाम बाळगलेल्या घरातल्या होत्या आणि काळ्यांच्या लिंचिंगची उघड बाजू घ्यायच्या. 'पहिली बाई' म्हणून त्यांचा फोटो लावायचा तर माझा हात तरी उठत नाही. मला शर्ली चिझम जवळच्या वाटतात, 1968 ला काँग्रेसमध्ये गेलेल्या पहिल्या काळ्या बाई. ब्रुकलिनसारख्या शहरी भागातून आलेल्या बाईला शेतीच्या कमिटीवर टाकलं, त्या सभागृहात उभं राहून भांडल्या आणि कमिटी बदलून घेतली. 1972 ला प्रेसिडेंटसाठी उभ्या राहिल्या तेव्हा काळे पुरुष पुढारीही मागे आले नाहीत आणि गोऱ्या बायकांच्या संघटनाही धड नाही.

घाटावरचा

हे सगळं मला नवीन आहे, वाचून काढतोय. एक राहिलंय, आमच्याकडे इंदिराबाई 1966 ला पंतप्रधान झाल्या. हिलरी क्लिंटन, कमला हॅरिस बाई म्हणून हरल्या का?

कोरांटी

एका शब्दात उत्तर देता येणार नाही मला. हिलरींना 2016 ला ट्रम्पपेक्षा 28 लाखांहून जास्त मतं होती, तरी इलेक्टोरल कॉलेजमुळे (प्रत्येक स्टेटला ठरावीक मतं असतात, त्यांच्या बेरजेवर प्रेसिडेंट ठरतो) हरल्या, म्हणजे या देशातल्या जास्त लोकांनी एका बाईला मत दिलं होतं हे तर खरंच ना. कमला यांना 2024 ला जेमतेम साडेतीन महिने मिळाले, महागाईवर लोक चिडलेले होते, त्या मतांनीही मागेच राहिल्या. पण दारोदार फिरताना मी स्वतः ऐकलंय, एक माणूस म्हणाला बाई सिनेटर चालेल, गव्हर्नर चालेल, कमांडर इन चीफ नको. आणि बाजूला त्याची बायको मान हलवत होती. तुमच्याकडे पंतप्रधान पक्षातले खासदार निवडतात, इथे ती एक खुर्ची अख्ख्या देशाने थेट बघून द्यायची असते, तो फरक मोठा आहे.

निरांजन

मराठी माणसाने हा धागा रमाबाईंशिवाय संपवू नये म्हणून लिहितेय. 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तेव्हा पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. मग दोन वर्षांहून जास्त त्या अमेरिकेत फिरल्या, भाषणं दिली, पैसे उभे केले, फ्रान्सिस विलर्ड यांच्यासारख्या पुढारी बायकांना भेटल्या, आणि परत आल्यावर 1889 ला अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं त्यात तिथल्या बायकांच्या स्थितीवर मोठं प्रकरण आहे. विचार करा, मुंबई–पुण्याच्या वाचकाला बायकांच्या संस्था कशा चालतात, सभा कशी घेतात, हे तेव्हा मराठीतून सांगितलं!

आणि कोरांटीचा मुद्दा की दिलेलं मत काढूनही घेतात, तो रमाबाई तिथे असतानाच घडत होता. वायोमिंगने 1869 ला, युटाने 1870 ला बायकांना मत दिलं होतं. 1887 ला काँग्रेसने कायदा करून युटाच्या बायकांचं मत रद्द केलं, राग तिथल्या मॉर्मन पंथाच्या लोकांच्या बहुपत्नीत्वावर होता आणि काढून घेतलं बायकांचं मत. जर्सीच्या 1807 सारखंच, भांडण दुसऱ्यांचं आणि किंमत यांनी मोजायची.

आबोली

एवढं सगळं वाचून माझं लिहू का नको वाटत होतं, पण लिहिते. मी दोन वर्षांपूर्वी आमच्या टाउनच्या स्कूल बोर्डाला उभी राहिले होते. त्याआधी अकरा वर्षं मी एच फोर वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो तो व्हिसा), मग ग्रीनकार्डची वाट बघण्यात, म्हणजे वयाची ती वर्षं जेव्हा माणूस गावात रुळतो, ओळखी करतो, त्या वर्षांत मला मत तर सोडाच, सुरुवातीला नोकरीची पण परवानगी नव्हती. आपल्यातल्या बायका राजकारणात का नाहीत असं कोणी विचारलं की मला हे आधी सांगावंसं वाटतं.

स्कूल बोर्डाला पगार शून्य. मीटिंग संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि अकरा अकरा वाजतात, त्या वेळेत घरी दोन मुलं. एका स्थानिक पुढाऱ्याने मला चहावर बोलावून प्रेमाने विचारलं की तुम्हीच का, मिस्टर उभे राहणार नाहीत का? नाव घेत नाही. नंतर वाचलं की 2018 ला लिऊबा ग्रेचेन शर्ली नावाच्या न्यू यॉर्कच्या आईने इलेक्शन कमिशनकडे परवानगी मागितली की प्रचाराच्या निधीतून मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे पैसे देता येतील का, आणि ती मिळाली. काँग्रेसच्या उमेदवारांसाठी आहे ते. त्याच वर्षी सिनेटर टॅमी डकवर्थ यांना बाळ झालं आणि मतदानाला बाळ घेऊन आत जाता यावं म्हणून सिनेटला नियम बदलावा लागला.

पैशाचं पण तसंच. डेमोक्रॅट बायकांना निवडणुकीसाठी पैसा उभा करून देणारी एमिलीज लिस्ट ही संस्था 1985 ला सुरू झाली, तिचं नाव 'अर्ली मनी इज लाइक यीस्ट' या शब्दांवरून आलंय, सुरुवातीचा पैसा यीस्टसारखा, त्यावर पुढचं पीठ फुगतं. आपल्या भाषेत विरजण. चमचाभर वेळेवर लागतं, सकाळी घालून उपयोग नाही. मला मंडळातल्या लोकांनी भरपूर शुभेच्छा दिल्या, ऑक्टोबरमध्ये चेकही दिले, पण ऑगस्टमध्ये यार्ड साईन (घरांपुढे लावायच्या प्रचाराच्या पाट्या) छापायला माझ्याकडे पैसे नव्हते. मी हरले. थोड्या मतांनीच.

सिअॅटलकर

आबोली, हे वाचून गप्प बसवत नाहीये. परत उभी राहणार का?

आबोली

या वर्षी तीन जागा आहेत आणि एक जण परत उभे राहत नाहीयेत, म्हणजे कोरांटीताईंची रिकामी जागा. विचार चाललाय. नवरा म्हणतो मीटिंगच्या रात्री मी बघतो पोरांचं, ते तो तेव्हाही बघायचाच. मला भीती परत हरायची नाही, परत एकटीने सगळं करायची आहे.

मोहनकाका

बाळा, तुझं टाउन माझ्यापासून हजार मैलांवर आहे आणि आपली मतं बहुतेक जुळणार नाहीत, पण स्कूल बोर्डाला पक्ष नसतो. यार्ड साईनचा चेक मी जूनमध्ये पाठवतो, ऑक्टोबरमध्ये नाही.

कोरांटी

आबोली, रटगर्स युनिव्हर्सिटीत सेंटर फॉर अमेरिकन विमेन अँड पॉलिटिक्स आहे ना न्यू ब्रन्सविकला, त्यांचं बायकांसाठी प्रचाराचं ट्रेनिंग असतं, आपण दोघी जाऊ. आणि अर्ज जुलैच्या शेवटी भरायचा असतो, तर सह्या गोळा करायला शनिवारी सकाळी मंडळाच्या शाळेच्या पार्किंगमध्ये उभं राहू, पालक मुलांना सोडायला येतातच. ज्यांची नोंदणी नाहीये त्यांचे फॉर्मही तिथेच भरून घेऊ. मला पर्सनल मेसेज कर, माझ्या गाडीत फोल्डिंग टेबल आहे.